मान परत परत धरते: उशीपासून एमआरआयपर्यंत काय, कोणत्या क्रमानं तपासायचं

मान धरते. बाम चोळला, गोळी घेतली की दोन-चार दिवसांत सैल पडते, आणि महिन्याभरात परत त्याच बाजूला धरते. अशी मान घेऊन येणाऱ्यांच्या हातात एक्स-रेचं पाकीट बहुधा असतंच. "मणक्यात गॅप आलीय" हेही कुणीतरी सांगितलेलं असतं. उशी किती उंच आहे आणि काम डोळ्यांपासून किती खाली आहे, हे मात्र कुणी मोजलेलं नसतं. परत परत धरणाऱ्या मानेचं कारण बहुतेक वेळा या दोन मापांत सापडतं आणि ती घ्यायला शिंप्याची टेप पुरते. म्हणून पुढची तपासणी फुकटातल्या गोष्टींपासून सुरू होते. एक्स-रे शेवटी.

आधी लक्षणं जुळवा

दुखतं कुठं, यापेक्षा कधी वाढतं हे जास्त सांगून जातं.

सकाळी उठतानाच मान ताठ असते आणि आंघोळ करून तासाभरात मोकळी होते, तर संशय उशीवर. सकाळी बरी, पण दुपारी चारनंतर खांद्यांवर पोतं ठेवल्यासारखं जड होतं आणि सुट्टीच्या दिवशी त्याचं नावही नसतं, तर संशय कामाच्या बैठकीवर. डोक्याच्या मागं, कवटी आणि मान जुळतात तिथून ठणका सुरू होऊन एकाच बाजूच्या डोळ्यापर्यंत येतो, तर मानेचे वरचे सांधे आणि तिथले स्नायू आखडलेले असू शकतात. अशी डोकेदुखी अनेक जण वर्षानुवर्षं पित्ताची समजून सोसतात.

मानेतून खांद्यावरून हातात कळ उतरते, मुंग्या येतात, तेव्हा नस दाबली जात असण्याची शक्यता असते. मानेत मणके ७ असले तरी नसांच्या जोड्या ८ आहेत. अंगठ्याकडं मुंग्या येत असतील तर सहावी, मधल्या बोटात येत असतील तर सातवी, करंगळीत येत असतील तर आठवी, असा ढोबळ नकाशा आहे. त्या बाजूचा तळहात डोक्यावर ठेवल्यावर कळ कमी होत असेल, तर मानेतल्या नसेचा संशय पक्का होतो, कारण त्या स्थितीत नसेवरचा ताण सैल पडतो.

काही दुखणी मानेची वाटतात, पण मानेची नसतात. रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, ही बहुधा मनगटात दाबल्या जाणाऱ्या नसेची तक्रार. मान मोकळी फिरते, पण हात वर जात नाही, पाठीमागं नेता येत नाही, तर बिघाड खांद्यात आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये असा आखडलेला खांदा बराच दिसतो. दोन्ही तळवे आणि दोन्ही तळपाय एकदम मुंग्यांनी भरतात तेव्हा मानेचा फोटो काढण्याआधी रक्तातली साखर आणि बी-१२ तपासा. कूस बदलताना काही सेकंद घर गरगर फिरतं, त्याला "मानेच्या मणक्याची चक्कर" म्हणायची पद्धत पडली आहे. ती बहुतेक वेळा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाची असते आणि तिच्यावरचे उपचार वेगळे असतात.

यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका

- गाडीवरून पडणं, अपघात, कुस्तीत मानेवर आदळणं, झाडावरून किंवा माडीवरून पडणं यानंतरची मानदुखी. मान वळवून बघू नका, कुणाला चोळू देऊ नका.
- मानदुखीबरोबर ताप, उलटी, उजेड सहन न होणं, हनुवटी छातीला न टेकणं.
- आजवर कधी झाली नव्हती अशी अचानक जबरदस्त मानदुखी किंवा डोकेदुखी, त्याबरोबर दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, तोल जाणं.
- मान, जबडा, डावा हात यांत कळ आणि त्याबरोबर छातीत दाब, घाम, दम. हे दुखणं हृदयाचं असू शकतं.
- लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, पायांतली ताकद अचानक जाणं.

या पाचांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात न्या.

आणखी एक गट आहे. तो इतका आरडाओरडा करत नाही, म्हणून हुकतो. शर्टाची बटणं लावताना बोटं चुकायला लागणं, ताटातला भात नीट उचलता न येणं, अक्षर बिघडणं, चालताना पाय जड आणि तोल गेल्यासारखं वाटणं. यात मान फारशी दुखतही नाही. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब येत असेल तर असं होतं आणि इथं उशीर महागात पडतो. त्याच आठवड्यात अस्थिरोग किंवा मेंदू-मज्जारज्जूच्या डॉक्टरांना दाखवा. वजन उतरणं, संध्याकाळी बारीक ताप, रात्री झोपमोड करणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा क्षयरोग, हेही याच रांगेत. क्षयरोग मणक्यालाही होतो आणि तो औषधांनी बरा होणारा आजार आहे, पण ओळखला तर.

पहिली तपासणी: सात दिवसांची वही

खर्च शून्य. सकाळी, दुपारी, रात्री अशा तीन वेळा ० ते १० मध्ये दुखण्याला आकडा द्या आणि त्याआधीचा तास कशात गेला ते दोन शब्दांत लिहा. शिवाय रोज सकाळी खुर्चीत ताठ बसून, खांदे न वळवता, मान डावीकडं आणि मग उजवीकडं वळवा. प्रत्येक बाजूला शेवटी नजर कुठं पोचते ती खूण ठरवा: खिडकीची चौकट, कॅलेंडर, दाराची कडी. मोकळी मान दोन्हीकडं जवळपास सारखी वळते आणि हनुवटी खांद्याच्या वर पोचायला येते.

ही वही नसेल तर पुढं उशी बदलल्यानं फरक पडला की रजा घेतल्यानं, हे कळायला मार्ग नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

दुसरी: उशी

इथं सर्वांत जास्त वेळ घाला, कारण रोजचे सहा-सात तास मान उशीच्या ताब्यात असते.

नेहमीसारखं कुशीवर झोपा आणि घरच्यांना पाठीमागून फोटो काढायला सांगा. मानेचा कणा आणि पाठीचा कणा एका रेषेत दिसायला हवा. डोकं गादीकडं कललेलं दिसलं तर उशी बुटकी, छताकडं उचललेलं दिसलं तर उंच. आता माप. मानेच्या बुडापासून खांद्याच्या टोकापर्यंत टेप धरा. बऱ्याच जणांचं हे अंतर १० ते १४ सेंमी भरतं. कापसाची घट्ट गादी असेल तर कुशीवर झोपणाऱ्याला साधारण तेवढी उंची लागते. फोमच्या मऊ गादीत खांदा आत जातो, म्हणून तिथं थोडी कमी. उताण्या झोपणाऱ्याला ५ ते ८ सेंमी पुष्कळ. हे माप दबलेल्या उशीचं. डोकं उशीवर ठेवलेलं असताना कुणीतरी गादीपासून गालापर्यंत पट्टी धरायची. जुनी कापसाची उशी नुसती बघितली तर हातभर फुगलेली दिसते, पण डोकं ठेवलं की मधोमध चार सेंमीवर येते आणि कडा मात्र उभ्या राहतात. मान रात्रभर त्या खड्ड्यात वाकडी पडून असते.

दुरुस्तीसाठी लगेच नवी उशी आणू नका. आंघोळीचा जाड टॉवेल घडी करून अभ्र्यात, उशीच्या खाली सरकवा. एक घडी वाढवा किंवा कमी करा आणि तीच उंची किमान चार-पाच रात्री ठेवा. पहिल्या दोन रात्री नव्या उंचीनंही मान कुरकुरते, त्यावरून निकाल लावू नका. उंची जमली की मग पिंजाऱ्याकडून उशी पिंजून त्या मापाची भरून घ्या. खांदा उशीवर येऊ देऊ नका, फक्त डोकं आणि मान.

पोटावर झोपणाऱ्यांना उशीचं कुठलंच माप लागू पडत नाही. श्वास घ्यायला मान एका कुशीला पूर्ण वळवून तासन्‌तास ठेवावी लागते. पोटाशी लांब तक्क्या धरून अर्धवट कुशीवर झोपायची सवय लावा. तीन-चार आठवडे लागतात.

तिसरी: कामाची उंची

डोक्याचं वजन साधारण ५ किलो. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर गल्लीच्या टोकापर्यंत नेता येते, तीच हात लांब करून धरली तर मिनिटभरात हात थरथरतो. डोकं खांद्यांच्या पुढं गेलं की मानेमागच्या स्नायूंची तीच गत होते. ते तासन्‌तास आवळलेले राहतात, मग दुखतात, मग दुखतं म्हणून आणखी आवळतात.

कोल्हापूर आणि आसपासची निम्मी कारागिरी मान खाली घालून चालते. हुपरीतलं चांदीचं बारीक काम, गुजरीतली सोन्याची जडणघडण, कोल्हापुरी चपलेची शिवण, इचलकरंजीत मागावर तुटलेला धागा जोडणं. सूत्र असं: बारीक नजरेचं काम बसल्या जागी कोपराच्या उंचीपेक्षा ५ ते १० सेंमी वर हवं आणि कोपरांना टेकू हवा. जमिनीवर बसून काम करणाऱ्यानं पाटाखाली एक-एक फळी सारून उंची वाढवावी. बुडाखाली घडी घातलेलं पोतं घेतलं की कंबर सरळ होते, आणि कंबर सरळ झाल्याशिवाय मान मागं येत नाही. दिवा जवळ आणा. उजेड कमी पडला की माणूस नकळत पुढं वाकतो, त्यामुळं काही ठिकाणी चांगला दिवा लावल्यावरच निम्मं काम होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर उभं राहणाऱ्यांसाठी: जॉब ज्या रेषेत फिरतो ती रेष कोपराच्या उंचीला हवी. उंच माणसाला मशीन खाली पडतं, तिथं मशीनच्या पायाखाली पॅकिंग देण्याचं मालकाशी बोला. बुटक्या माणसाला लाकडी फळ्यांचा ओटा पुरतो.

लॅपटॉपचा पडदा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड वेगळा जोडा. पडदा उचलून कीबोर्ड तोच वापरला तर मान सुटते आणि खांदे अडकतात. मोबाईल छातीच्या वर धरा, धरलेल्या हाताच्या कोपराला दुसऱ्या हाताचा आधार द्या. विळीवर बसून पाच किलो कांदा चिरायचा असेल तर तो एका बैठकीत संपवू नका.

उंची कितीही जमवली तरी तासन्‌तास एकाच स्थितीत मान दुखणारच. दर २५-३० मिनिटांनी अर्धा मिनिट उठा, खांदे मागं फिरवा, लांब बघा. गडी माणसाला हा खंड फुकट गेलेला वेळ वाटतो. धरलेल्या मानेनं जाणारे दोन खाडे त्यापेक्षा महाग असतात.

चौथी: चष्मा, गाडी, ओझं

वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा लावून संगणक बघणारे हनुवटी वर करून खालच्या काचेतून वाचतात. मानेच्या मागचे सांधे त्यात चेपले जातात. अशांनी पडदा उलट खाली घ्यावा किंवा संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करावा.

दुचाकीवर मोबाईल कान आणि खांद्यात दाबून बोलणं तत्काळ बंद करा. त्यात मान एका बाजूला चेपलेली, वर रस्त्याचे हादरे, आणि जीव धोक्यात तो वेगळाच. हेल्मेट मात्र मानदुखीच्या नावाखाली काढू नका. ढिलं असेल तर मापाचं घ्या.

वैरणीचा भारा, उसाची मोळी, पाण्याची घागर डोक्यावर वाहणाऱ्यांनी दुखणं असेपर्यंत ओझं निम्मं करून दोन खेपा कराव्यात आणि चुंबळ जाड, सपाट ठेवावी. हातात मुंग्या उतरत असतील तर डोक्यावर ओझं अजिबात नको.

पाचवी: स्नायूंना कामाला लावा

उशी आणि बैठक सुधारली तरी कमजोर पडलेले स्नायू आपोआप भरत नाहीत. चार व्यायाम पुरतात, पण पहिला नीट जमला पाहिजे.

भिंतीला पाठ आणि डोकं टेकवून, टाचा वीतभर पुढं घेऊन उभे राहा. नजर समोर. ड्रॉवर आत ढकलावा तशी हनुवटी सरळ मागं न्या. गळ्याखाली दुसरी हनुवटी तयार झाली आणि मानेच्या मागं ताण जाणवला की बरोबर. हनुवटी छातीकडं उतरली तर ते नुसतं मान वाकवणं झालं, त्याचा उपयोग नाही. ५ सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून तीनदा.

दुसरा: तळहात कपाळावर ठेवून डोक्यानं हाताला रेटा, हातानं डोकं हलू देऊ नका. असंच मागं आणि दोन्ही बाजूंना. ताकद फक्त चौथाई, ५ ते ७ सेकंद, प्रत्येक दिशेला ५ वेळा. श्वास रोखायचा नाही. तिसरा: खांद्याची पाती मागं एकमेकींजवळ आणून ५ सेकंद धरा, १० वेळा, खांदे कानाकडं न उचलता. चौथा: उजव्या हातानं खुर्चीची कड धरून डोकं डावीकडं कलवा, २० ते ३० सेकंद, तीनदा, मग दुसरी बाजू.

करताना दुखणं दोन आकड्यांनी वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाली आलं, तर चालेल. कळ हातात आणखी खाली उतरायला लागली तर तो व्यायाम थांबवा. कळ हातातून वर सरकून मानेतच राहिली, मग मान थोडी जास्त दुखत असली तरी ते सुधारण्याचं लक्षण आहे. तालमीत जाणाऱ्या पोरांनी या काळात मानेवर पूल घेणं आणि डाव बंद ठेवावेत. जोर मारायचेच तर मान मागं न फेकता. शीर्षासन कुणीच करू नये.

मान नुकतीच धरली असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून १५ मिनिटं. मधुमेहानं कातडीची जाणीव कमी झाली असेल तर आधी दुसऱ्या कुणी हात लावून बघावं. पॅरासिटामॉल दोन-तीन दिवस चालतं. मोठ्या माणसाला दिवसभरात ३ ग्रॅमच्या पुढं नाही, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे ध्यानात ठेवा. यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंड, रक्तदाब, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं असलेल्यांनी मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत. नाव नसलेली पुडी कुणाकडूनही घेऊ नका, त्यात स्टिरॉइड असू शकतं.

मानेचा पट्टा महिनोन्‌महिने बांधला की स्नायू आणखी दुबळे होतात. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिला असेल तरच वापरा.

आणि केस कापून झाल्यावर मानेला झटका देऊन कटकन आवाज काढणं. हे करू देऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. झटक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघात होतो. क्वचित होतं, पण तरण्याताठ्या माणसाला होतं. खुर्चीत बसतानाच "मानेला हात नको" असं सांगून टाका. "मान बसवून देतो" म्हणणाऱ्यांनाही हेच लागू.

सहावी: फिजिओथेरपिस्ट, मग डॉक्टर, मग फोटो

अचानक धरलेली मान आठवड्याभरात बरीच सुटायला हवी. जुनं दुखणं वरचं सगळं नेमानं केल्यावर तीन आठवड्यांत वहीतल्या आकड्यांत उतरलेलं दिसायला हवं. नसेल तर घरचे उपाय थांबवा आणि फिजिओथेरपिस्टकडं जा. नुसतं मशीन लावून झोपवलं जात असेल आणि व्यायाम कुणी शिकवत नसेल, तर जागा बदला.

हातात कळ उतरत असेल आणि सहा आठवड्यांत कमी होत नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. मुठीची पकड सुटत असेल, कोपर सरळ करण्याची ताकद कमी झाली असेल, तर सहा आठवडे थांबूही नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात अस्थिरोग विभाग आहे, खाजगी खर्च झेपत नसेल तर तिथं जा.

एक्स-रे शेवटी का, तर चाळिशी-पन्नाशीनंतर ज्यांची मान कधीच दुखली नाही अशांच्या फोटोतही झीज दिसते. आणि ज्याला "गॅप" म्हणतात ते बहुधा दोन मणक्यांमधलं कमी झालेलं अंतर असतं, जास्तकरून पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये. ते दिसलं म्हणून दुखण्याचं कारण तेच, असं ठरत नाही. एमआरआयचा उपयोग नस किंवा मज्जारज्जूचा प्रश्न आहे असं तपासणीत दिसल्यावर, किंवा ताप-वजन-अपघात यांसारखं काही असताना होतो.

जाताना ती सात दिवसांची वही, उशीवरचा पाठीमागून काढलेला फोटो, कामाच्या जागी बसलेला बाजूनं काढलेला एक फोटो आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.